रुखवताची लॉरी

कन्येच्या विवाहात रुखवत म्हणून लाडवांचा किल्ला करावा, करंज्यांचे तुळशीवृंदावन करावे, फार झाले तर साखरेचा हत्ती करावा. परंतु मोटार लॉरी करू नये, असा निषेध कोणत्याही शास्त्रात सांगितलेला नाही. धार येथील फरासखान्यातील कारकून दत्ताजीराव काटकर यांनी शास्त्र उघडून पाहिले होते असे नाही. तथापि जे निषिद्ध नाही ते कर्तव्य होय, एवढा तर्क त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केला, आणि सन एकोणीसशे बावीसच्या माघ महिन्यात लॉरीचा पाया, म्हणजे लोखंडी पट्टीची लांबट चौकट, आपल्या ओसरीवर घातला.

ही त्यांची नववी लॉरी. दिल्लीदरबाराच्या साली, एकोणीसशे अकरात, महूच्या छावणीत त्यांनी पहिली लॉरी पाहिली, आणि तेव्हापासून कचेरी सुटल्यानंतरचा त्यांचा सर्व काळ लहान लॉऱ्या घडविण्यात व्यतीत होत असे. फरासखान्यातील तंबूंचे मोडके खांब ते रीतसर अर्ज करून मागून घेत. पत्रा घासलेटच्या डब्यांचा, कमानी जुन्या घड्याळांच्या, दिवे काजळाच्या डब्यांचे. प्रत्येक लॉरी कोणत्या ना कोणत्या खऱ्या लॉरीबरहुकूम असे. मनाने कल्पिलेली लॉरी त्यांना असत्य भाषणासारखी वाटे.

त्यांच्या घरात एकच शब्द वर्ज्य होता, तो म्हणजे 'खेळणे'. शेजारचे गणोजीकाका, जे पूर्वी बारगीर असून जगातील सर्व वस्तू घोड्याच्या मापाने मोजीत, एकदा सहज म्हणून गेले, "दत्ताजी, खेळणं मात्र झकास जमलंय हो!" त्यावर दत्ताजीराव त्यांच्याशी संपूर्ण चातुर्मास बोलले नाहीत. गणोजीकाकांस हा अबोला कार्तिकात, तो संपल्यावर कळला. पत्नी भवानीबाई त्या वस्तूंना 'तुमचं ते' म्हणत. मुलगी सुमंगला मात्र लहानपणापासून लॉरीला लॉरीच म्हणे. तिसऱ्या लॉरीचा नंबर तिने पाचव्या वर्षी स्वहस्ते रंगविला होता, आणि त्यातील दोनाचा आकडा उलटा असूनही दत्ताजीरावांनी तो सुधारू दिला नाही.

त्याच सुमंगलेचा विवाह देवासच्या जयसिंगरावांच्या मुलाशी ठरला. जयसिंगरावांनी नुकतीच देवास ते इंदूर उतारू नेण्यासाठी एक हिरवी लॉरी घेतली होती, ही गोष्ट दत्ताजीरावांस बोलणीच्या दिवशी त्यांच्या अंगणात पाय ठेवताच कळली. पुढील हकीकत शोचनीय आहे. बैठकीत देण्याघेण्याचे बोलणे निघाले तेव्हा वधूपिता बैठकीत नव्हता. शोध करता तो लॉरीखाली उताणा आढळला. दातांत सुतळी, हातात खडू, आणि डोईच्या पागोट्यास वंगण.

"काटकर, काही पडलं का आपलं?" जयसिंगरावांनी वाकून विचारले.

"नाही. मागच्या कमानींच्या पट्ट्या मोजतो आहे," आतून उत्तर आले.

जयसिंगराव भला माणूस. ते म्हणाले, "मोजा, मोजा. सध्या ती चालतही नाही. मुंबईहून पुर्जा यायचा आहे."

धारेस परतल्यावर भवानीबाईंनी पायांवर पाणी घालण्याच्या आधी विचारले, "मुलगा कसा आहे?"

"भक्कम आहे," दत्ताजीराव म्हणाले. "मागची चाकं भरीव रबराची."

"मी मुलाचं विचारते आहे!"

दत्ताजीरावांनी पुष्कळ आठवून पाहिले. मुलगा होता, ही गोष्ट निश्चित. त्याने पाणी आणून दिले होते. परंतु तो गोरा की सावळा, हे त्यांस सांगता येईना. भवानीबाई तीन दिवस घरात भांडी आपटीत होत्या. अखेर गणोजीकाकांनी, जे बोलणीस सोबत गेले होते, साक्ष दिली की मुलगा उमदा असून छाती रुंद आहे आणि दात चांगले आहेत. त्यांनी तो कोणत्या दृष्टीने पाहिला असेल, हे वाचकांनी तर्काने जाणावे.

लॉरी प्रथम दीड हात लांब व्हावयाची होती. पण चांगल्या कार्यास सल्ल्याची वाण पडत नाही.

"रुखवत लांबून दिसायला पाहिजे," गणोजीकाका ओसरीवर बसून म्हणाले. "दीड हात म्हणजे शिंगरू झालं. मांडवाच्या दारातून जो पाहील त्याला घोडा दिसला पाहिजे."

म्हणून ती अडीच हात झाली. मग भवानीबाई म्हणाल्या की, करायचेच आहे तर त्यात लाडू, करंज्या, सांडगे, पापड सर्व मावले पाहिजे. रिकामे 'तुमचं ते' नेऊन विहिणीपुढे ठेवणे म्हणजे रिकामे ताट ठेवण्यासारखे आहे. म्हणून ती सव्वातीन हात झाली. पापडांचा घेर ध्यानात घेता रुंदी वाढली, रुंदीच्या मानाने उंची वाढली, आणि चैत्र लागला तेव्हा ओसरीवर चार हात लांब, कमरेइतकी उंच, हिरवीगार लॉरी उभी होती. बसावयास येणाऱ्या बायकांना तिला वळसा घालून जावे लागे. तिचे पुढचे झाकण उघडे, आणि आत शिसवी लाकडाचे संपूर्ण इंजिन, नळ्यांसह, कोरून बसविलेले होते.

"हे चालतं?" गणोजीकाकांनी विचारले.

"जयसिंगरावांचंही चालत नाही," दत्ताजीराव शांतपणे म्हणाले. "बरहुकूम आहे."

विवाह अक्षय्य तृतीयेस, गोरज मुहूर्तावर, देवास येथे वराच्या घरी व्हावयाचा होता. वऱ्हाड तीन बैलगाड्यांतून निघाले. दोन गाड्यांत माणसे आणि तिसरीत रुखवताने भरलेली लॉरी, दोरांनी जखडलेली. इंदुरात मुक्काम झाला. तृतीयेच्या सकाळी क्षिप्रा नदीचा उतार ओलांडताना तिसऱ्या गाडीचा आस मोडला. गाडीवानाने मोडलेल्या आसाकडे पाहिले, लॉरीकडे पाहिले, आणि तो झाडाखाली जाऊन बसला. इतकी स्पष्ट टीका दत्ताजीरावांच्या कलेवर पूर्वी कोणी केली नव्हती.

"लाडू काढून घ्या, आणि तुमचं ते इथंच राहू द्या," भवानीबाई म्हणाल्या.

दत्ताजीरावांनी चार माणसांकडून लॉरी खाली उतरविली, तिच्या आसांना खोबरेल लावले, आणि पुढच्या गाडीच्या मागे ती दोराने बांधली. बैल चालू लागले. दोर ताणला. आणि लॉरी, लाडवांसह, पापडांसह, आपल्या स्वतःच्या चार चाकांवर मुकाट चालू लागली.

आठ लॉऱ्या आजवर कोनाड्यांत आणि फळ्यांवर उभ्या होत्या. रस्ता असा त्यांतील एकीनेही पाहिला नव्हता. दत्ताजीराव तीन कोस तिच्या मागून उन्हात चालले. गाडीत जागा होती, पण ते बसले नाहीत. शेतातला एक म्हातारा बांधावर येऊन म्हणाला, "राम राम भिया, लारी कठे चाली?" तेव्हा दत्ताजीरावांनी अशा स्वरात "देवास!" असे उत्तर दिले की, गाडीत बसलेल्या सुमंगलेने पदराआड हसू लपविले.

आता देवासची एक गोष्ट सांगितली पाहिजे. तेथे गाव एक, पण पात्या, म्हणजे वाटणीची राज्ये, दोन, थोरली आणि धाकटी. दरबार दोन, कचेऱ्याही दोन. ज्या नाक्यावर वऱ्हाड पोहोचले तेथे रस्त्याची डावी कड एका पातीच्या हद्दीत आणि उजवी कड दुसऱ्या पातीच्या हद्दीत मोडत होती, आणि दोन्ही कडांना एकेक कारकून समोरासमोर बसला होता. डावीकडे उमाशंकर नावाचा सडपातळ माळवी गृहस्थ. त्याच्या पुढ्यात एक जाड वही, जीत आमद, म्हणजे आवक, आणि रवानगी अशी दोन खाती होती. उजवीकडे चिंतामणी नावाचे स्थूल मराठी गृहस्थ; त्यांच्या पुढ्यात भुईमुगाच्या शेंगा होत्या.

वहिवाटीप्रमाणे वऱ्हाड डाव्या कडेने आले. उमाशंकरने मान वर केली, लॉरी पाहिली, आणि एक अक्षर न विचारता आमदेच्या खात्यात लिहिले. मग चष्मा पुसून त्याने विचारपूस आरंभिली.

"किसने बनाई?"

"मी. दत्ताजी काटकर, धार."

"इंजन?"

दत्ताजीरावांनी झाकण उघडले. उमाशंकर वाकून पुष्कळ वेळ पाहत राहिला. अकरा वर्षांत त्यांच्या कोणत्याही लॉरीत इतक्या गंभीरपणे कोणी डोकावले नव्हते.

"चाले हे?"

"आत्ता चालत नाही."

उमाशंकर पुटपुटत लिहू लागला, "लारी, नग एक, हरी. इंजन नादुरुस्त." मग वही फिरवून त्याने ती ओळ दत्ताजीरावांस दाखविली. "परवानो लाव, भिया. बिना परवाना लारी आगे नी जाए."

"परवाना कुठे मिळेल?"

"कचेरी में. पण आज आखातीज. बंद. काल आव."

येथे सर्वांच्या ध्यानात आले की सूर्य कलला आहे, गोरज मुहूर्त चार घटकांवर आहे, आणि माळव्यातला 'काल' म्हणजे उद्या, तेव्हाच कचेरी उघडणार आहे. भवानीबाई गाडीतून खाली उतरल्या. त्यांचे उतरणे हीच एक घटना होती.

"अहो भाऊ, परवाना कसला? खेळणं आहे ते! रुखवतातलं!"

दत्ताजीरावांचा चेहरा पडला. परंतु उमाशंकरने दिलेले उत्तर त्यांना जन्मभर पुरले. तो म्हणाला, "बाई साब, चार पैया, इंजन, दिवा, भोंगो, अने माल भर्यो. यो खिलोनो कई तरे से?"

पलीकडून चिंतामणी शेंगा फोडीत सर्व ऐकत होते. ते म्हणाले, "काका, उगा वेळ का घालवता? इकडच्या कडेनं या. आमच्याकडे खेळण्याला परवाना लागत नाही. एवढं एक लिहून द्या म्हणजे झालं." आणि त्यांनी एका कागदावर मजकूर लिहून पुढे केला. तो असा: 'लिहून देतो ऐसा जे, सोबतची वस्तू हे खेळणे असून वाहन नव्हे.' खाली सहीस जागा मोकळी.

चार पावलांचे अंतर. डावीकडे ती लॉरी होती, पण जाऊ शकत नव्हती. उजवीकडे ती जाऊ शकत होती, पण लॉरी नव्हती. दत्ताजीराव कागद हातात घेऊन मैलाच्या दगडावर बसले.

"करा सही," भवानीबाई म्हणाल्या.

"तुम्ही सगळे पुढे व्हा. मी लॉरीपाशी थांबतो. उद्या कचेरी उघडली की येतो."

"आणि कन्यादान कोणी करायचं? ह्या चिंतामणींनी?"

"मला आज सवड आहे," चिंतामणी म्हणाले. पण भवानीबाईंनी त्यांच्याकडे असे पाहिले की त्यांनी शेंगा झाकून ठेवल्या.

"लेकीचं लग्न लागू द्या," त्या पतीकडे वळून म्हणाल्या, "मग तुमचं आणि त्या लॉरीचं मी स्वतः लावून देते. अंतरपाट धरायला मी उभी राहते!"

रागाच्या भरात त्यांनी प्रथमच लॉरी हा शब्द उच्चारला, हे त्यांच्या लक्षात आले नाही. दत्ताजीरावांच्या आले.

गणोजीकाका जवळ येऊन बसले. "अरे दत्ताजी, घोड्याला गाढव म्हटलं म्हणून घोडा काही कान लांबवीत नाही."

"काका, पण ज्यानं घोडा घडवला त्यानंच म्हणायचं?"

गणोजीकाका उठून बैलांस वैरण आहे की नाही ते पाहावयास गेले. बैलांची छाया रस्त्याच्या उजव्या कडेपर्यंत पोहोचली होती, परवान्यावाचून.

तेव्हा सुमंगला गाडीतून उतरली. नवरीने नाक्यावर उतरावे हे रीतीस धरून नाही, पण त्या दिवशी रीतीकडे पाहण्यास कोणाला फुरसत नव्हती. पित्याच्या शेजारी उभी राहून तिने कागद वाचला, दोन्ही बाजूंनी.

"आबा, हा कागद कुठे राहणार?"

"ह्यांच्या दप्तरात."

"आणि लॉरी?"

"आपल्याबरोबर येईल."

"मग खोटं आहे ते नाक्यावर राहू द्या. खरं आहे ते आपण घेऊन जाऊ." तिने कागद परत त्यांच्या हाती दिला. "तुम्ही नसाल तर मी उभी राहणार नाही. मुहूर्त गेला तर गेला."

दत्ताजीरावांनी तिच्याकडे पाहिले. बोलणीच्या दिवशी सुतळीने जे जे मोजायचे राहून गेले होते, ते सर्व बहुधा त्यांना त्या एका क्षणात दिसले असावे. ते उठले, चिंतामणींचा टाक घेतला, आणि त्यांनी सही केली. सही नेहमीपेक्षा लहान उमटली. फरासखान्याच्या कागदांवर ते जी लांब रेघ ओढीत असत, ती त्यांनी ओढली नाही.

चौघांनी दोर धरून लॉरी डाव्या कडेवरून उजवीकडे नेली. चाकांच्या चार रेषा धुळीत आडव्या उमटल्या. एवढ्यात उमाशंकर वही घेऊन उभा राहिला.

"अरे भिया! म्हारा खाता में आमद लिखई गई! रवानगी नी हुई! म्हारा हिसाब से तो लारी यांज खड़ी हे!"

"खोडून टाका, साहेब," गणोजीकाका ओरडले.

"लिख्यो हुवो मिटे नी!" उमाशंकर व्यथित स्वराने म्हणाला. तो प्रामाणिक मनुष्य होता. वऱ्हाड दिसेनासे होईपर्यंत तो आपल्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला.

मुहूर्त साधला, पण थोडक्यात. उशीर वधूपक्षामुळे झाला असे भटजी म्हणत, तथापि ते पूर्ण सत्य नव्हे. मंगलाष्टकांच्या आधी व्याह्यांना हाका मारल्या तेव्हा जयसिंगराव मांडवात नव्हते. शोध करता ते रुखवताजवळ, लॉरीखाली उताणे आढळले. नव्या जरीच्या फेट्याचा शेमला धुळीत लोळत होता.

"काटकर," ते आतूनच म्हणाले, "काम अप्रतिम आहे, पण मागे उजवीकडे एक पट्टी जास्त झाली. सात केल्यात. माझ्या गाडीला सहा आहेत."

"आपल्या गाडीलाही सातच आहेत," दत्ताजीराव वाकून अदबीने म्हणाले. "सातवी चिखलाखाली आहे. खरवडून पाहावी."

जयसिंगराव लगोलग उठून अंगणातल्या खऱ्या लॉरीकडे गेले. भटजींनी अक्षता हातातच धरून ठेवल्या. थोड्या वेळाने व्याही परत आले. नखांत चिखल होता. त्यांनी दत्ताजीरावांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी उभे केले, आणि लग्न लागले.

रुखवत पाहताना वराची एक चुलती कौतुकाने म्हणाली, "अगबाई, केवढं गोड खेळणं!" नववधूने सासरी पहिल्या दिवशी मान खाली घालून बसावे, हा शिष्टाचार. मुंडावळ्यांच्या आडून सुमंगला म्हणाली, "लॉरी आहे ती." त्या घरातले ते तिचे पहिले बोलणे. कोपऱ्यात पान लावीत बसलेल्या दत्ताजीरावांनी पानाला चुना दोनदा लावला.

एवढ्यावर कथा संपती, तर ती एका सहीची कथा झाली असती. आणि दत्ताजीरावांस ती सही खरोखरच पुष्कळ दिवस बोचत होती. त्यांनी दहावी लॉरी आरंभिली नाही. हत्यारांना गंज चढू लागला. भवानीबाई, ज्यांनी बारा वर्षे ओसरी मोकळी व्हावी म्हणून नवस केले होते, त्या मोकळ्या ओसरीकडे पाहून एक दिवस म्हणाल्या, "फार ओकंबोकं दिसतं हो."

दुसऱ्या वर्षी, अक्षय्य तृतीया उलटल्यावर, देवासहून टपालाने एक लिफाफा आला. दत्ताजीरावांनी तो वाचला आणि गणोजीकाकांच्या हाती दिला. गणोजीकाकांनी मोठ्याने वाचला. मजकूर हिंदीत होता. त्याचा आशय असा की, आपली लॉरी, नग एक, हिरवी, इंजिन नादुरुस्त, ही गतवर्षी आखातीजेस नाक्यावर आमद झाली असून अद्याप रवाना झालेली नाही. तरी ती नाक्यावरून त्वरित घेऊन जावी. खाली उमाशंकरची सही आणि शिक्का.

गणोजीकाकांना हसता हसता ठसका लागला. "अरे, ह्या माणसाच्या वहीत ती अजून उभी आहे! दत्ताजी, उत्तर लिही. लिही की ते खेळणं होतं, आणि ते केव्हाच पलीकडच्या कडेनं गेलं. चिंतामणींचा कागद आहेच साक्षीला. मिटवून टाक!"

दत्ताजीरावांनी पत्र परत घेतले. त्यातील लॉरी हा शब्द शिक्क्याच्या अगदी जवळ पडला होता; शिक्क्याची शाई त्यावर थोडी आली होती. मग त्यांनी कोनाड्यातून टाक-दौत काढली आणि फरासखान्याच्या वळणदार अक्षरात उत्तर लिहिले:

'आपले पत्र पावले. इंजिन अद्याप नादुरुस्त असल्याने लॉरी हलविता येत नाही. दुरुस्त होताच नेण्यात येईल. तोवर मुदत मिळावी, ही विनंती.'

खाली सही केली, आणि सहीखाली लांब रेघ ओढली.

पंधरा दिवसांनी जवाब आला. दत्ताजीराव त्या वेळी ओसरीवर दहाव्या लॉरीच्या चौकटीस भोके पाडीत होते, म्हणून भवानीबाईंनी तो मोठ्याने वाचून दाखविला. एकच ओळ होती. मुदत मंजूर; लॉरी सुखरूप आहे.